मच्छिंद्री झाली तेव्हा

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी आमच्या गल्लीत शिरण्याच्या आदल्या संध्याकाळी तळमजल्यावरच्या काकांनी जिन्यातून वर हाक मारली, "वैनी, मच्छिंद्री झाली की!" मी गॅस बंद केला, पदर खोचला आणि त्यांचे सामान वर चढवायला मदत करण्यासाठी खाली निघाले. माझी सून दारात उभी होती. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीसाठी ती पुण्याहून एकटीच पुढे आली होती आणि मुलगा दोन दिवसांनी येणार होता. ती हसऱ्या चेहऱ्याने मला म्हणाली, "आई, कोणाला मुलगी झाली?"

तिच्या प्रश्नात काहीच चूक नव्हती. ती हैदराबादची, तिची मातृभाषा तेलुगू, आणि मराठी ती पुस्तकावरून व मोबाइलवरच्या धड्यांवरून मन लावून शिकत होती. आठच दिवसांपूर्वी पुण्यात त्यांच्या शेजारी मुलगी झाली म्हणून घरी बर्फी आली होती, तेव्हा 'झाली' या क्रियापदाचा हा अर्थ तिने वहीत लिहून घेतला होता. 'मच्छिंद्री' हे तिला मुलीचे नाव वाटले. कर्ता बरोबर, क्रियापद बरोबर, लिंगही बरोबर. फक्त अर्थ कुठल्या कुठे राहिला.

कोल्हापूरकरांना सांगायला नको, पण बाहेरच्या वाचकांसाठी सांगते. पंचगंगेवरच्या जुन्या दगडी शिवाजी पुलावर माशाची खूण आहे. पुराचे पाणी त्या माशापर्यंत चढले की गावात 'मच्छिंद्री झाली' असे म्हणतात. राजाराम बंधाऱ्यावरची 39 फुटांची इशारा पातळी आणि 43 फुटांची धोका पातळी ही सरकारी भाषा, आणि ती आता मोबाइलवर सगळ्यांना मिळते. तरीही नदीकाठच्या पेठांतली जुनी माणसे पुराविषयी फुटांत बोलत नाहीत. मच्छिंद्री झाली, एवढे दोन शब्द कानावर पडले की पुढचे सगळे न सांगता कळते: सामान माळ्यावर टाकायचे, जनावरे सोडून उंचावर न्यायची, पिण्याचे पाणी भरून ठेवायचे, म्हाताऱ्या माणसांना पाहुण्यांकडे पोहोचवायचे. 'राधानगरीचे दरवाजे उघडले' हे वाक्यही तसेच. धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडले, एवढाच त्याचा शब्दार्थ. परंतु ते ऐकून कोल्हापूरचा माणूस आधी घड्याळाकडे पाहतो, कारण ते पाणी इथवर यायला किती वेळ लागेल याचा हिशेब त्याच्या डोक्यात लगेच सुरू होतो.

त्या रात्री शाहूपुरीत जयंती नाल्याच्या बाजूने पाणी आले आणि सकाळपर्यंत तळमजल्याच्या खिडक्यांना लागले. वीज गेली. शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आल्याने पुण्याचा रस्ता बंद झाला. त्या पुरात पंचगंगेची पातळी 55 फुटांच्या वर गेली होती. पहिल्या मजल्यावर मी, सून आणि खालचे काका-काकू असे आम्ही चौघे अडकलो. काका-काकू दमून आतल्या खोलीत झोपले होते. सून बराच वेळ खिडकीशी बसून होती, मग म्हणाली, "आई, तुम्ही सगळे काय बोलता त्यातला प्रत्येक शब्द मला कळतो, पण काय बोलता ते कळत नाही. यावर एक गोष्ट आहे. दाखवू?" तिच्या लॅपटॉपमध्ये जेमतेम तासाभराचा चार्ज उरला होता आणि तो मोबाइलसाठी राखावा असे मी सुचवले. ती म्हणाली, "मोबाइलला रेंजच नाही, आई. ही गोष्ट पंचेचाळीस मिनिटांची आहे."

मेणबत्तीच्या उजेडात, खाली पाण्याचा चुबुक-चुबुक आवाज चालू असताना मी जे पाहिले, तो 'स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेचा 'डार्मॉक' नावाचा भाग होता. पाचव्या पर्वातील हा दुसरा भाग 30 सप्टेंबर 1991 रोजी अमेरिकेत प्रथम दाखवला गेला. अंतराळयानांच्या गोष्टी म्हणजे किरणांच्या बंदुका आणि स्फोट, अशी माझी तोवर समजूत होती. एकतीस वर्षे शाळेत मराठी शिकवलेल्या बाईला तिच्याच विषयावरचे इतके चांगले विवेचन एखाद्या अंतराळयानात सापडेल, हे मला कोणी सांगितले असते तर मी विश्वास ठेवला नसता. त्यानंतर हा भाग मी सहा-सात वेळा पाहिला आहे आणि आज त्याविषयी सविस्तर लिहायचे आहे.

गोष्ट अशी आहे. कॅप्टन पिकार्ड यांचे 'एंटरप्राइज' हे यान टेमेरियन नावाच्या लोकांना भेटायला एल-अड्रेल नावाच्या ग्रहाजवळ जाते. शंभर वर्षांत या लोकांशी सात वेळा गाठ पडली आहे आणि एकदाही संवाद जुळलेला नाही. या मालिकेतील यानांवर सर्व भाषांचे तत्काळ भाषांतर करणारे यंत्र असते, त्यामुळे टेमेरियन कॅप्टन डेथॉन बोलू लागतो तेव्हा त्याचे शब्द स्पष्ट ऐकू येतात. पण तो जे म्हणतो ते असे: "डार्मॉक आणि जलाड, टनाग्रा येथे." "शाका, भिंती ढासळल्या तेव्हा." "टेंबा, हात पसरून." भाषांतरयंत्र आपले काम चोख करते आहे, व्याकरण शाबूत आहे, आणि एंटरप्राइजवरची सगळी हुशार मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत आहेत. 'कोणाला मुलगी झाली' असे विचारणारा माझ्या सुनेचा चेहरा मला तिथे दिसला.

डेथॉन मग दोन कट्यारी हातात घेतो आणि त्याच्या सहायकाने जीव तोडून विरोध केला तरी त्याला गप्प करून पिकार्डला आणि स्वतःला खालच्या ग्रहावर उतरवतो. एक कट्यार तो पिकार्डच्या पुढ्यात टाकतो. पिकार्डला वाटते की हे द्वंद्वाचे आव्हान आहे, म्हणून तो ती घेत नाही. पाहणाऱ्यालाही तसेच वाटते, आणि लेखक जो मेनॉस्की यांचे कसब मला इथे जाणवते, कारण टेमेरियन लोक बोलतात त्यातले काही म्हणजे काहीही पाहणाऱ्याला फोड करून सांगितले जात नाही. आपणही पिकार्डइतकेच अडाणी राहतो आणि त्याच्याबरोबरच शिकतो.

मला सर्वांत आवडतो तो त्यानंतरच्या रात्रीचा प्रसंग. अंधार पडला आहे, थंडी आहे. डेथॉनने आपली शेकोटी पेटवली आहे आणि काही अंतरावर पिकार्डची खटपट चालली आहे, पण त्याचा जाळ काही धरत नाही. डेथॉन थोडा वेळ पाहतो, मग आपल्या शेकोटीतले एक जळते लाकूड उचलून त्याच्याकडे टाकतो आणि म्हणतो, "टेंबा, हात पसरून." पिकार्ड ते लाकूड घेतो, शब्द मात्र त्याला कळत नाहीत. सकाळी एक श्वापद चालून येते, कधी दिसणारे तर कधी न दिसणारे. डेथॉन पुन्हा कट्यार पुढे करतो आणि तेच शब्द उच्चारतो. आता पिकार्डच्या डोक्यात उजेड पडतो: टेंबा कोण होता कोण जाणे, पण हात पसरून तो देत होता. घे, हे तुला दिले. रात्रीचे जळते लाकूड आणि सकाळची कट्यार या दोन्ही गोष्टी एकाच वाक्याने दिलेल्या होत्या. दोन प्रसंगांना एकच वाक्य जुळले तेव्हा त्या वाक्याचा अर्थ हाती आला. शब्दकोशाने हे साधले नसते.

इथे मला माझा वर्ग आठवतो. 'वाक्प्रचाराचा अर्थ सांगून वाक्यात उपयोग करा' हा प्रश्न मी किती वेळा फळ्यावर लिहिला असेल त्याची मोजदाद नाही. एका मुलाने एकदा 'ध चा मा करणे' याचा अर्थ 'शुद्धलेखनाची चूक करणे' असा लिहिला होता. मी त्याचा अर्धा गुण कापला आणि बरोबर अर्थ समासात लिहून दिला. आज वाटते की त्याचे उत्तर भाषांतरयंत्राचे उत्तर होते, आणि त्यात दोष माझा होता, कारण मी त्याला अर्थ दिला पण 1773 सालची ती शनिवारवाड्यातली दुपार दिली नाही. 'धरावे' या शब्दाचे 'मारावे' झाले असे आपल्याकडे सांगतात, आणि 'काका, मला वाचवा' म्हणत धावणारा नारायणराव डोळ्यांपुढे आला की त्या तीन अक्षरांत अठरा वर्षांचा एक पोर मरतो. अर्थ समासात मावतो. हे समासात मावत नाही.

मराठी माणसाला टेमेरियनांची भाषा परकी वाटण्याचे खरे तर कारण नाही. पानिपतानंतर नानासाहेब पेशव्यांच्या हाती पडलेल्या सावकारी पत्रात काय होते? दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, आणि रुपया-खुर्दा किती गेला त्याची गणती नाही. एवढ्या मजकुरावरून पेशव्यांना कळले की विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ गेले. आपण 'पानिपत झाले' म्हणतो, 'गड आला पण सिंह गेला' म्हणतो, एखाद्याला 'घरभेदी बिभीषण' म्हणतो, आणि समोरच्याच्या मनात अख्खा प्रसंग उभा राहील हे गृहीत धरतो. रामायण-महाभारतातल्या गोष्टी माझ्या सुनेच्याही होत्या, म्हणून 'लक्ष्मणरेषा' म्हटले की तिला काही विचारावे लागत नसे. ती अडखळली ती शिवाजी पुलावरच्या माशापाशी, कारण तो मासा तिचा नव्हता.

एंटरप्राइज यानावर त्या वेळी जे चालले आहे त्यातला बराचसा भाग तांत्रिक खटपटीचा आहे आणि तो मी भराभर ओलांडेन. मात्र त्यात एक प्रसंग महत्त्वाचा आहे. यंत्रमानव डेटा आणि सल्लागार ट्रॉय हे दोघे ग्रंथसंग्रहात शोध घेतात. डार्मॉक हा एका दंतकथेतला शिकारी आणि टनाग्रा हे एक बेट, असा पत्ता त्यांना लागतो. टेमेरियन लोक दृष्टांतांतून बोलतात हेही त्यांच्या लक्षात येते. ट्रॉय म्हणते की 'सज्जात उभी असलेली ज्युलिएट' म्हटले की प्रेमाचे चित्र उभे राहते. पण ज्युलिएट कोण हे ठाऊक नसणाऱ्याच्या समोर काहीच उभे राहत नाही. नावे कळली, गाव कळले, पद्धतही कळली, आणि तरीही डार्मॉक व जलाड यांनी टनाग्राला जाऊन काय केले ते त्यांना सांगता येत नाही. ते खाली धुनीजवळ बसलेल्या पिकार्डला कळते, कारण तेच त्याच्याकडून करवून घेतले जात असते. दोन अनोळखी माणसे एका बेटावर आली, दोघांवर एकच संकट आले, दोघे मिळून त्याच्याशी लढले आणि एकत्र परतले: डेथॉनने आपल्या जुन्या गोष्टीत पिकार्डला हाताला धरून उभे केले आहे.

आणि नेमक्या त्याच क्षणी वरचे लोक पिकार्डला वाचवायला जातात. श्वापद चालून आलेले असताना यानाची यंत्रणा त्याला वर खेचू लागते. त्या किरणझोतात अडकलेला पिकार्ड डोळ्यांदेखत पाहतो की डेथॉन एकटा पडला आहे आणि श्वापद त्याला फाडते आहे. त्याला ओरडताही येत नाही, हलताही येत नाही. प्रयत्न फसतो आणि तो पुन्हा खाली येतो तेव्हा डेथॉन मरणाच्या दारात आहे. पिकार्डचा यानावरचा उपप्रमुख रायकर आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या मनात काडीचेही वाईट नव्हते. त्यांना वाटत होते की आपला कॅप्टन शत्रूच्या तावडीत आहे. कळले नाही, एवढाच त्यांचा गुन्हा. हे दृश्य मी दरवेळी जीव मुठीत धरून पाहते.

शेवटच्या रात्री जखमी डेथॉन एखादी गोष्ट ऐकण्याची इच्छा दाखवतो आणि पिकार्ड त्याला गिल्गमेश आणि एन्किडू यांची गोष्ट सांगतो. हजारो वर्षांपूर्वी मेसोपोटेमियात मातीच्या पाट्यांवर कोरून ठेवलेली ही मैत्रीची कथा: उरुकचा जुलमी राजा, रानातून आलेला एन्किडू, दोघांची झुंज, झुंजीतून जडलेला स्नेह, आणि शेवटी मित्राच्या मृत्यूवर राजाने केलेला शोक. कान देऊन ऐकले तर लक्षात येते की पिकार्ड ती सांगताना आपली भाषा सोडत जातो आणि तुकड्या-तुकड्यांत, स्थळ-नावे पुढे ठेवून, डेथॉनच्या वळणाने बोलू लागतो. 'उरुक येथे' असे तो म्हणतो आणि डेथॉन ते शब्द क्षीण आवाजात पुन्हा उच्चारतो. पॉल विनफिल्ड यांनी डेथॉनचे काम केले आहे. चेहऱ्यावर जाड मुखवटा, तोंडी एकही सरळ वाक्य नाही, आणि तरीही केवळ आवाजाच्या चढउतारावर त्यांनी धीर, विनवणी, आनंद आणि वेदना अशी उभी केली आहे की मला उपशीर्षकांकडे पाहण्याची गरज वाटली नाही. गोष्ट संपता संपता डेथॉन प्राण सोडतो.

या भागावर घेतला जाणारा एक आक्षेप माझ्या सुनेने त्याच रात्री मला सांगितला होता. ज्या भाषेत गोष्टींचे उल्लेखच आहेत, त्या भाषेत मुलांना मुळातली गोष्ट कशी सांगणार? आणि अशा भाषेत कोणी यान तरी कसे बांधणार? आक्षेप रास्त आहे. 'भिंती', 'ढासळणे', 'तेव्हा' हे शब्द त्या भाषेत आहेतच, मग त्यांचे साधे वाक्य का होऊ नये, याचे उत्तर त्या भागात नाही, आणि लेखनातली ही उणीव मी मान्य करते.

परंतु दोन गोष्टी मला सांगाव्याशा वाटतात. कोल्हापूरच्या तालमीत जाऊन उभे राहा. हौद्यात दोन पोरे भिडलेली असतात आणि काठावरून वस्ताद फक्त एक शब्द टाकतात: "ढाक!" "घिस्सा!" "कलाजंग!" त्या एका शब्दात कोणता हात कुठे धरायचा, कंबर कशी फिरवायची, वजन कोणत्या पायावर घ्यायचे हे सगळे येते. सविस्तर वाक्य बोलायला तिथे सवड नसते. पोराने तो डाव शेकडो वेळा अंगावर घेतलेला असतो, म्हणून त्याला नाव पुरते. जी माणसे एकत्र काम करत मोठी झाली त्यांना यान बांधतानाही बहुधा असेच शब्द पुरत असतील.

दुसरे असे की, गोष्ट आधी आणि वाक्प्रचार नंतर, हा क्रम आपण शिक्षकांनी गृहीत धरलेला आहे. मूल त्या क्रमाने शिकत नाही. आमच्या गल्लीतली मुले 14 जानेवारी 1761 हा दिनांक शाळेत वाचण्याच्या कितीतरी आधी, क्रिकेटमध्ये हरली की 'पानिपत झालं रं' म्हणत घरी येतात. त्यांना पानिपत कुठे आहे हे ठाऊक नसते. हरून, धुळीने माखून, मान खाली घालून परतणे कसे असते ते ठाऊक असते. वाक्य प्रसंगातून अंगात शिरते आणि गोष्ट मागाहून, कधी वर्गात तर कधी आजीच्या तोंडून, त्याला येऊन मिळते. टेमेरियन बाळही असेच शिकत असणार. कोणी आपला घास त्याच्यापुढे करताना 'टेंबा, हात पसरून' म्हणत असेल.

यानावर परतलेला पिकार्ड टेमेरियनांशी त्यांच्याच भाषेत बोलतो आणि पेटू घातलेली लढाई थांबते. डेथॉनचा सहायक आनंदाने म्हणतो, "सोकाथ, त्याचे डोळे उघडले!" आपल्या कॅप्टनचा मृत्यू त्याला कळतो आणि त्याच क्षणी तो एक नवे वाक्य उच्चारतो: "पिकार्ड आणि डेथॉन, एल-अड्रेल येथे." त्या लोकांच्या भाषेत एका शब्दाची भर पडली, आणि ती एका माणसाचे आयुष्य खर्चून पडली. शेवटी पिकार्ड आपल्या खोलीत होमरच्या नावावरची ग्रीक स्तोत्रे वाचत बसलेला दिसतो. आपल्या पुराणकथांची ओळख वाढवली तर त्यांच्या कथा समजायला मदत होईल, असे तो रायकरला सांगतो. मग तो मनात येणारा प्रश्न बोलून दाखवतो की, केवळ संवाद व्हावा या आशेवर डेथॉनने सर्वस्व पणाला लावले, तसे मी केले असते का?

भाग संपला तेव्हा लॅपटॉपचा लाल दिवा लुकलुकत होता. मी सुनेला जुन्या शिवाजी पुलाची गोष्ट सांगितली, तिथला मासा सांगितला, आणि माझ्या सासूबाई पुराच्या रात्री पोरांना उठवून कडेवर घेऊन कशा निघत असत तेही सांगितले. तिने वही मागितली. मी म्हटले, "लिहू नकोस. उद्या सकाळी खिडकीतून बघ." सकाळी बोट आली तेव्हा काका-काकूंना आधी उतरवायचे होते. काकूंचा पाय जिन्यावर थरथरत होता आणि खाली गढूळ पाण्यात कोणाची तरी कढई तरंगत चालली होती. सून पाण्यात कंबरेइतकी उतरली, त्यांना धरून बोटीपर्यंत नेले, आणि ओल्या साडीनिशी वर आली तेव्हा मला म्हणाली, "आई, आता कळली मच्छिंद्री."

त्यानंतर तिने तो शब्द आपल्या घरात नेला. कामाचा डोंगर साचला की पुण्याहून फोनवर ती एवढेच म्हणते, "आई, इकडे मच्छिंद्री झालीय," आणि मी विचारपूस न करता चार दिवसांची बॅग भरते. माझ्या मुलाला, जो त्या पुरात नव्हता, ते पहिल्यांदा ऐकताना दोनदा विचारावे लागले होते.

नात आता साडेचार वर्षांची आहे. मागच्या महिन्यात मी त्यांच्याकडे होते तेव्हा न्हाणीघरात नळाखाली बादली लावली होती. पाणी काठाला येऊन बाहेर सांडू लागले तशी ती दोन्ही हात वर करून आतून ओरडली, "आज्जी, मच्छिंद्री झाली!" मी धावत जाऊन नळ बंद केला. तिने शिवाजी पूल अजून पाहिलेला नाही.